सौरभ, मनालीकडून चढू नका
चि. सौरभ,

अनेक आशीर्वाद.

तुझा लडाखच्या बाइक ट्रिपचा प्लॅन व्हॉट्सॲपवर आला. बाबांनी न वाचताच अंगठा पाठवून दिला, मी चष्मा लावून नीट वाचला. पहिल्या दिवशी मनाली ते सरचू, दुसऱ्या दिवशी लेह, तिसऱ्या दिवशी खारदुंगला खिंड पार करून नुब्रा खोरं. हे वेळापत्रक तुमच्यातल्या कोणी केलं? किलोमीटर बरोबर जुळवलेत, पण उंचीचा आकडा कुठेच नाही.

मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे आणि सरचू ४,२९० च्या आसपास. म्हणजे सकाळी नाश्ता जिथे केला त्याच्या दुपटीहून उंच जागी रात्री तंबूत झोपायचं. तुम्ही सगळे नागपूरचे, ३१० मीटरवर वाढलेले. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, असं डॉक्टर सांगतात. दिवसा उंच खिंड ओलांडून पुन्हा खाली झोपायला आलात तर तेवढं बिघडत नाही. शरीर हिशेब ठेवतं ते रात्रीच्या मुक्कामाचा. आणि 'मी रोज जिमला जातो' हे मला सांगू नकोस. विरळ हवेला दंड बघून दया येत नाही. उलट दणकट पोरंच जोरात चढतात आणि आधी आडवी होतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की श्रीनगरकडून चढा आणि मनालीकडून उतरा. श्रीनगर १,५८५ मीटर, मग झोजिला खिंड ओलांडून रात्री कारगिल, २,६७६ मीटर. दुसऱ्या दिवशी लेह, ३,५०० च्या जरा वर. ही शेवटची उडीही पाचशेच्या नियमात बसत नाही, म्हणून लेहला पोचल्यावर दोन दिवस बाइकला हात लावायचा नाही. बाजारात रमतगमत फिरा, थुक्पा खा, पाणी पीत राहा. शांती स्तूपाच्या पायऱ्या दुसऱ्या संध्याकाळी चढा, पहिल्या दिवशी नको. आणि मेडिकलचं दुकान चालवणाऱ्या आईला सगळं कळतं बरं का, त्या दोन रात्री बाटली उघडायची नाही. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळीही नाही.

त्यानंतर नुब्रा करा. खारदुंगला ५,३५९ मीटरवर आहे. तिथल्या पाटीवर आकडा याहून मोठा लिहिलाय, तरी फोटो काढा नि पंधरा-वीस मिनिटांत निघा. पलीकडे नुब्रातलं हुंदर गाव लेहपेक्षाही खाली असल्यामुळे रात्र बरी जाते. पँगाँग तलाव सव्वाचार हजार मीटरच्या घरात आहे, तो शेवटी ठेवा. तोवर रक्ताला तिथल्या हवेची सवय झालेली असेल. मग परतीला सरचूला झोपलात तरी मी काही बोलणार नाही.

डोकं दुखणं, मळमळणं, जेवण नकोसं होणं, यातलं काहीही झालं तर आधी उंचीच लागली असं समजायचं. त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला ओला होत असेल, किंवा कोणी बरळायला लागला, तर सकाळची वाट बघू नका. शंका आली तर त्याला टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. झोकांडी गेली की रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याला खाली न्या. ते ऑक्सिजनचे छोटे डबे मिळतात ना, ते काही मिनिटांत संपतात. त्यांच्या भरवशावर थांबू नका. लेहमध्ये असाल तर सरळ एसएनएम हॉस्पिटल गाठा. हे तुझ्या सोबतच्या पोट्ट्यांनाही वाचायला दे. ज्याला त्रास होतो त्याला स्वतःला बहुतेक वेळा कळतच नाही.

बाकीचं थोडक्यात. बाइक नागपूरहून जम्मूच्या गाडीत पार्सल टाका, टाकी रिकामी करून न्यावी लागते. तुझं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालणार नाही. दोघांकडे तरी पोस्टपेड हवं, नाहीतर मी इकडे फोनकडे बघत बसेन. परतताना लेहहून मनालीच्या वाटेवरच्या कारूला टाकी फुल्ल करा, पुढे पंपाचा भरवसा धरू नका. वाटेतले नाले सकाळी ओलांडा. दुपारी ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी गुडघ्याला लागतं. आणि जून संपायच्या आत मनाली सोडा. २०२३ च्या जुलैत ब्यास नदीने तिथला रस्ता कसा खाल्ला ते टीव्हीवर आपण सगळ्यांनीच बघितलं.

आता गोळ्यांचं. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळेल, माझ्या दुकानातूनसुद्धा. चढायच्या आदल्या दिवसापासून घेतात. बोटांना मुंग्या येतील, लघवीला सारखं जावं लागेल, कोल्ड्रिंक बेचव लागेल. त्याने घाबरून गोळी बंद करू नका. आणि गोळी घेतली म्हणून लेहमधले आरामाचे दोन दिवस वाचतात असंही समजू नका. मी प्रत्येकाचं वेगळं पाकीट करते आहे, नाव घालून. मात्र सल्फाच्या औषधाची ॲलर्जी कोणाला आहे का ते एकेकाला विचारून रविवारपर्यंत कळव. ज्याचं उत्तर येणार नाही त्याच्या पाकिटात ती गोळी मी टाकणार नाही.

तुझी,
आई