सुहासला पत्र: श्वास आत ओढून वाजवायचा बाजा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

माऊथ ऑर्गनवरचं, म्हणजे आपल्या बाजावरचं, ब्लूज (काळ्या अमेरिकनांचं ते लोकसंगीत) कुठून ऐकायला लागू, असं तू विचारलं होतंस. जाणकार शिकागोच्या लिटल वॉल्टरकडे बोट दाखवतील, त्यात चूक काहीच नाही. पण मला सध्या गाण्यांच्या एका संकलनाने झपाटलंय. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ज्यूक जॉइंटांमधले बाजावाले, बहुतेक १९५०च्या दशकातले. तू इथूनच सुरू कर.

ज्यूक जॉइंट म्हणजे गावाबाहेरची किंवा मळ्याकडेची साधीशी खोली. दारू, जुगार, नाच, शनिवारची रात्र. आठवडाभर राबलेली काळी माणसं तिथे मोकळी व्हायची. त्या कल्लोळात नाजूकपणाला कोण विचारतो? म्हणून बाजा आणि माइक एकाच ओंजळीत आवळून, आवाज फाटेपर्यंत वाजवायचा. ही फाटकी धार काही रेकॉर्डिंगचा दोष नाही, तीच तर मजा!

आता तुझ्या कामाची गोष्ट. बाजा दहा भोकांचा, साधा, बटण नसलेला. गाणं 'जी' पट्टीत, म्हणजे 'जी'ला सा धरून, असेल तर हे लोक 'सी' पट्टीचा बाजा घेतात. का? खालच्या चार भोकांतून श्वास आत ओढला की 'जी'ची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ, आपोआप मिळते. शिवाय ओढलेला सूर तोंडातल्या तोंडात वाकवता येतो: तिसऱ्या भोकातला शुद्ध गंधार कोमलाकडे घसरतो आणि मधेच कुठेतरी रेंगाळतो. पेटीवर हे शोधून दाखव! आपण लहानपणी नुसते फुंकत बसायचो, म्हणून आपल्याकडून फक्त सिनेमाची गाणी निघायची.

लुइझियानाचा स्लिम हार्पो नक्की ऐक. खरं नाव जेम्स मूर. नाकातला, आळसावलेला आवाज. बाजाचे चारच सूर, पण नेमक्या जागी. १९५७ साली त्याचं 'आय ॲम अ किंग बी' आलं, १९६४ला इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्स या बँडने ते उचललं. १९६६ला त्याचं एक गाणं आर अँड बी, म्हणजे काळ्यांच्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत पहिलं आलं, तरी हा गडी ट्रकचा धंदा सांभाळतच होता. १९७०मध्ये, पन्नाशीही न गाठता, गेला.

त्याची रेकॉर्डिंगं क्राउली गावातल्या जे मिलर या गोऱ्या निर्मात्याच्या स्टुडिओत झाली. तिथे लेझी लेस्टर बाजा वाजवायचा आणि गरज पडली तर पुठ्ठ्याच्या खोक्यावर तालही धरायचा. हा मिलर मोठा विचित्र प्राणी. कान सोन्याचा, पण इतरांच्या गाण्यांवर सहगीतकार म्हणून आपलंही टोपणनाव लावायचा, आणि पुढे याच माणसाने वर्णद्वेषी गाण्यांच्या तबकड्याही काढल्या. हे कळल्यापासून त्या सुंदर आवाजाला माझ्यापुरता एक कडवट वास चिकटलाय. ऐकणं मात्र सुटत नाही.

माल खपायचा नॅशव्हिलच्या एक्सेलो कंपनीतर्फे. तिच्या मालकाचंच तबकड्यांचं दुकान होतं, आणि डब्ल्यूएलएसी हे ५०,००० वॉटचं रेडिओ केंद्र रात्री त्याची जाहिरात करायचं. ऐकणाऱ्यांनी टपालाने तबकड्या मागवायच्या. खेड्यातला बाजा दूरदूरच्या घरांत पोचला तो असा.

अलाबामाचा जेरी मॅकेनही सोडू नकोस, भलताच खट्याळ गडी होता. आणि हेडफोन नको, स्पीकर मोठा लाव. वहिनी ओरडल्या तर माझं नाव सांग. 'सी'चा बाजा घेतलास की फोन कर, दुसऱ्या भोकापासून सुरू करू.

तुझा,
अविनाश