मंत्रीसाहेब, पाडायच्या आधी कोणीतरी विचारायला हवं ना?

मा. नगरविकास मंत्री महोदय,

नमस्कार. पत्र जरा लांबेल, आधीच सांगून ठेवतो. मी आर्किटेक्ट नाही, इतिहासाचा प्राध्यापक नाही आणि कुठल्या बिल्डरशी माझं भांडणही नाही. जुन्या इमारती बघत फिरायची सवय आहे एवढंच. त्या सवयीमुळे एक गोष्ट लक्षात आलीय, छोट्या शहरातली जुनी इमारत बहुतेक वेळा सुट्टीच्या दिवशी जाते. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसं बंद झाली की भोवती पत्रे लागतात, शनिवारी जेसीबी येतो, आणि सोमवारी तुमचे अधिकारी जागेवर पोचतात तेव्हा पंचनामा करायला फक्त मलबा असतो.

मोठ्या शहरांचं त्यातल्या त्यात बरं. तिथे हेरिटेज कमिटी असते, पेपरवाले असतात, कोर्टात जाणारे चार लोक असतात. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन १९१० मध्ये सुरू झालेलं, १९६३ मध्ये पाडायला घेतलं आणि त्यावरून एवढा गदारोळ झाला की १९६५ मध्ये शहराने वारसा जपायचा कायदाच केला. पुढे तिथल्याच ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर टॉवर चढवायचा म्हणून रेल्वे कंपनी कोर्टात गेली, तर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने शहराच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे एक स्टेशन गेलं पण त्याच्या जिवावर दुसरं वाचलं. छोट्या शहरात हे होणार कसं? तिथे स्टेशन एकच असतं, टाऊन हॉल एकच, जुनं मार्केट एकच. पहिल्या चुकीतून शिकून वाचवायला दुसरं काही शिल्लकच नसतं.

आणि बहुतेक वेळा जाते ती टाऊन हॉलसारखी मोठी इमारतही नसते, हे मला तुम्हाला खास सांगायचंय. जातं ते साधं दुमजली घर, लाकडी खांब, दगडी जोतं, वर सज्जा, खाली दुकान. त्याची फाईल टेबलावर आली की अधिकारी म्हणतो यात काय विशेष आहे, अशी तर पन्नास आहेत. बरोबर आहे त्याचं! पन्नास आहेत म्हणूनच तर ती गल्ली आहे. पण दर वेळी हेच उत्तर देत गेलं की पन्नासची चाळीस होतात, चाळीसची बारा, आणि मग कोणीतरी म्हणतं आता बाराच उरलीत, त्यांचं काय एवढं घेऊन बसायचं. इंग्लंडमधल्या बाथ शहरात हेच झालं. अठराव्या शतकातल्या तिथल्या भव्य अर्धवर्तुळाकार इमारतींना कोणी हात लावला नाही, पण १९६० आणि ७० च्या दशकांत त्याच काळातली कारागिरांची साधी घरं शेकड्यांनी पाडली, कारण ती 'महत्त्वाची' नव्हती. १९८७ मध्ये बाथ जागतिक वारसा यादीत गेलं, तोवर त्या गल्ल्या संपलेल्या होत्या.

आता धोकादायक इमारतीची नोटीस. काही इमारती खरंच धोकादायक असतात आणि त्यात माणसं मेली तर जुनी नक्षी जपल्याचं पुण्य कोणी घेणार नाही, हे मान्य. पण धोकादायक 'झाली' आणि 'केली' यातला फरक तुमच्या खात्याला कळत नाही असं मला वाटत नाही. वरची चार कौलं काढून ठेवायची, पन्हळ तुंबू द्यायची, मग दोन पावसाळ्यांत तुळया कुजतात, भिंत फुगते आणि पुढचं काम एक सर्टिफिकेट करतं. ते देणारा इंजिनिअर बिचारा आयुष्यभर आरसीसी शिकलेला. चुन्यात बांधलेली हातभर जाडीची दगडी भिंत वजन कसं पेलते हे त्याला कोणी शिकवलंच नाही, त्यामुळे काँक्रीटसाठी असलेली हातोड्याची टेस्ट तो तिथेही करतो आणि भिंत फेल! बरं, मधल्या काळात कोणी चांगल्या मनाने दुरुस्ती केलेली असेल तर तीही सिमेंटचा गिलावा मारून. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आतच कोंडतं, त्यामुळे ज्या भिंतीला शंभर वर्षं काही झालं नाही ती दुरुस्तीनंतर पाचदहा वर्षांत खपल्या टाकायला लागते.

मालकाला मी व्हिलन म्हणणार नाही. सात भावंडांत वाटणी, जुने भाडेकरू, हातात येणारं भाडं नावाला, आणि छत गळतंय. त्यात आम्ही बाहेरून येऊन फोटो काढणार आणि सांगणार जपा हं. का जपावं त्याने? हेरिटेज लिस्टमध्ये नाव गेलं की त्याला मिळतं फक्त एक पत्र आणि चार निर्बंध, म्हणून तर लिस्ट बनतेय अशी कुणकुण लागली की पाडकामं वाढतात! फ्रान्समध्ये १९६२ मध्ये आंद्रे मालरो सांस्कृतिक मंत्री असताना जुन्या वस्त्यांसाठी कायदा झाला, त्यात इमारतींचा सुटा सुटा विचार न करता अख्खा भाग संरक्षित करायची सोय केली आणि दुरुस्ती करणाऱ्या मालकाला पुढे करात सवलत मिळायला लागली. जुनं लिऑन, जिथून मोठा रस्ता काढायचा घाट होता, ते त्याच कायद्याखाली १९६४ मध्ये वाचलं. न्यूयॉर्कने मालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे नेऊ दिला, आपण टीडीआर म्हणतो तेच. मुद्दा एवढाच की निर्बंधाबरोबर काहीतरी हातात पडायला पाहिजे.

आणि भाडेकरू? त्यांचा विचार कोणीच करत नाही, जपणूकवालेसुद्धा नाही. मलेशियातल्या जॉर्ज टाऊनमध्ये जुना भाडेनियंत्रण कायदा २००० च्या सुरुवातीला उठला आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या दुकान-घरांत राहणारे लोक बाहेर पडले. २००८ मध्ये शहर जागतिक वारसा झालं, इमारती दिमाखात उभ्या, पण आतली माणसं पांगलेली. याच्या उलट इटलीतलं बोलोन्या. त्यांनी १९६९ मध्ये जुन्या शहराचा आराखडा केला तो अख्खं केंद्र एकच वास्तू समजून, आणि १९७३ पासून सरकारी घरबांधणीचा पैसा शहराबाहेर नवीन कॉलन्या काढण्याऐवजी जुनी घरं दुरुस्त करण्यात घातला, राहणाऱ्यांना तिथेच ठेवता यावं म्हणून. सगळं ठरवलं तसं झालं नाही, पण सरकारी घरं जुन्या भिंतींच्या आत होऊ शकतात हे तरी दिसलं.

"पाडतो, पण तशीच परत बांधू" हे आश्वासन तर प्लीज ऐकूच नका. ब्रसेल्समध्ये आर्किटेक्ट व्हिक्टर होर्ताचं १८९९ चं लोकभवन १९६५ मध्ये उतरवायला घेतलं, तुकडे जपून ठेवायचे आणि दुसरीकडे उभारायचे असं ठरलेलं. तुकडे इकडेतिकडे पांगले, इमारत काही परत उभी राहिली नाही, आणि जागेवर आला सव्वीस मजली टॉवर. त्याच होर्ताची चार घरं २००० मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, काय म्हणायचं यावर. नुसती दर्शनी भिंत ठेवून मागे काचेचा डबा उभा करणं हाही त्यातलाच प्रकार, पण त्यावर नंतर कधीतरी.

नवीन बांधकाम नको असं मी म्हणत नाहीये. लोकांना घरं पाहिजेत, लिफ्ट पाहिजे, म्हाताऱ्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर चढवणारा जिना काही हेरिटेज नाही. माझं मागणं फार छोटं आहे. आज तुमच्याकडे बांधायची परवानगी काढताना माणसाला शंभर कागद लागतात आणि पाडायला जवळपास काहीच नाही, हे उलटं करा निदान सरळ तरी करा. ठरावीक वर्षांपेक्षा जुनी इमारत असेल तर पाडायची परवानगी वेगळी, ती मागितल्याचा बोर्ड इमारतीवरच, आणि तिथे नवीन काय येणार त्याचा नकाशा मंजूर झाल्याशिवाय पहिला घाव नाही. इंग्लंडमध्ये वारसा यादीत नसलेल्या इमारतीला स्थानिक कौन्सिल तातडीची नोटीस देऊन ६ महिने संरक्षण देऊ शकते, तेवढ्यात तज्ज्ञ बघून ठरवतात. तिथे २०२४ पर्यंत एक गोची होती, शेवटी इमारत यादीत नाही गेली तर नुकसानभरपाई कौन्सिलच्या गळ्यात पडू शकायची म्हणून कौन्सिलं कचरायची. आपल्या छोट्या नगरपालिकेला तर अशी भरपाई अजिबातच झेपणार नाही, तेव्हा तो भार तुमच्या खात्याने घ्यावा. आणि धोकादायक ठरवायचं असेल तर चुना, दगड, लाकूड कळणारा एक तरी माणूस त्या सहीत हवा. प्रत्येक शहराला असा माणूस मिळणार नाही, पण चारपाच शहरांत मिळून एक नेमता येईल.

यासाठी नवीन खातं लागत नाही. एक परिपत्रक लागतं. उत्तराची वाट बघतोय, जमलं तर शुक्रवार संध्याकाळच्या आत पाठवा.

आपला,
एक पायी फिरणारा नागरिक