आखाजीचे साडेतीनशे फोटो

चाळीसगाव,
आखाजीनंतरचा रविवार

प्रिय नाना,

कसा शे रे भो? तुझा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत आमरसात होते. बहिणी अजून माहेरीच आहेत, त्यामुळे पुरणपोळ्यांचं खापर काही चुलीवरून उतरत नाही. त्या गडबडीत तुला ‘बघू’ म्हणून फोन ठेवला, पण तुझा प्रश्न डोक्यात राहिला. दुपारी लाईट जाणार असं कळलंय, ती जायच्या आत टाइप करून टाकतो.

तर तुला अक्षय्य तृतीयेचे, म्हणजे आपल्या आखाजीचे, साडेतीनशे फोटो लहान करायचेत, त्यातले काही छापायचेत, शिवाय पोरीचा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचाय. आणि पुतण्या म्हणतो, घरच्या कॉम्प्युटरवर फोटोशॉप टाका. नाना, चार वांगी भाजायला मूठभर पऱ्हाट्या पुरतात, त्यासाठी कोणी कारखान्याची भट्टी पेटवत नाही. फोटोशॉप उत्तमच आहे, पण ते दरमहा पैसे मोजून वापरायचं, आणि तुला त्यातलं एकच बटण लागणार.

आधी कोणता फोटो कशासाठी हवाय ते ठरव, सॉफ्टवेअर नंतर. तुझ्या मोबाईलचा फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा असेल, तर त्यात सव्वा नाही, पण पुरे एक कोटी वीस लाख ठिपके झाले. तुझ्या घरातल्या पडद्यावर, तो 1920 बाय 1080 चा असेल तर, जेमतेम वीस लाख मावतात. बाकीचे एक कोटी ठिपके दिसतच नाहीत, नुसती जागा अडवतात. म्हणून नातेवाइकांना पाठवायला लांब बाजू 1600 ठेवलीस तरी चिक्कार झालं. छापायचं असेल तर हिशोब वेगळा: इंचाला 300 ठिपके धरायचे, म्हणजे सहा बाय चार इंचांच्या फोटोला 1800 बाय 1200 लागतात. मोठा छापायचा असेल तर फोटोला हातच लावू नको, आहे तसा स्टुडिओवाल्याला दे. आणि एक लक्षात ठेव, लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केली की ठिपके निम्मे होत नाहीत, चौथाई होतात. मला हे कळायला चाळिशी उलटावी लागली.

फॉर्मचं गणित सगळ्यात किचकट. बँकभरतीची परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो 200 बाय 230 पिक्सेलचा आणि 20 ते 50 केबीचा (केबी म्हणजे फाईलचं वजन) लागतो, सही 140 बाय 60 ची आणि 10 ते 20 केबीची. तरी पोरीच्या फॉर्मवर काय लिहिलंय ते एकदा वाचून घे. आता बघ, मोबाईलच्या उभ्या फोटोची रुंदी 200 केली तर उंची येते 267, हवी 230. अशा वेळी लोक खुशाल आकडे कोंबतात आणि पोरीचा चेहरा भाकरीसारखा पसरतो. वरचं-खालचं थोडं कापायचं आणि मग लहान करायचं, एवढंच. शाळेत गुरुजींनी छडी हातात घेऊन त्रैराशिक शिकवलं होतं, ते इथे उपयोगी पडतं. इथून पाटणादेवी काही लांब नाही, तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचं नाव आहे. त्या शिलालेखाच्या एवढ्या जवळ राहून आपण त्रैराशिक चुकवावं, हे बरं दिसत नाही.

आता हत्यारं. एकच फोटो असेल तर पेंट. हसू नको. 1985 साली विंडोजची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून ते सोबत आहे आणि तुझ्याही कॉम्प्युटरवर आयतं पडलंय. फोटो उघड, कंट्रोल दाबून डब्ल्यू दाब, टक्के किंवा पिक्सेल विचारेल. लांबी-रुंदीचं प्रमाण कायम ठेवायची खूण चालू आहे ना तेवढं बघ, आणि ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नवं नाव दे. पेंटची अडचण केबीची. तिथे दर्जा कमी-जास्त करायची सोय नाही, त्यामुळे एवढासा फोटो कधी 20 केबीच्याही खाली जातो आणि फॉर्म म्हणतो, लहान झाला!

तिथे माझा जुना दोस्त कामाला येतो, इरफानव्ह्यू. बोस्नियाच्या इरफान श्किल्यान नावाच्या माणसाने व्हिएन्नात शिकत असताना ते केलं, 1996 पासून चालू आहे, आणि घरगुती वापराला फुकट. त्याचं चिन्ह म्हणजे गाडीखाली चेपलेलं लाल मांजर, ते बघून आमच्या सौ. पहिल्यांदा किंचाळल्या होत्या. त्यात जेपीजी, म्हणजे फोटोची नेहमीची फाईल, सेव्ह करताना दर्जाची पट्टी सरकवता येते. ऐंशी-पंच्याऐंशीवर ठेवलं तर डोळ्याला फरक कळत नाही आणि फाईल चांगलीच हलकी होते. फॉर्मचा फोटो 20 च्या खाली गेला तर पट्टी वर ने.

पण त्याची खरी करामत साडेतीनशे फोटोंची. इरफानव्ह्यू उघडून नुसतं बी दाब. मोठी खिडकी उघडते, पहिल्यांदा बघून घाबरायला होतं, विमानाच्या कॉकपिटसारखी बटणं. तुला तीनच गोष्टी बघायच्यात: कुठले फोटो, लांब बाजू किती, आणि नवे फोटो ठेवायचे कुठे. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. ‘आखाजी-लहान’ नावाचं वेगळं फोल्डर कर आणि तेच दाखव. सुरू करून चहा पिऊन ये, झालेलं असेल.

एवढंही नको असेल तर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज फुकट मिळतं. ते टाकलं की फोटो निवडून माऊसचं उजवं बटण दाबायचं, तिथेच लहान करायचा पर्याय येतो. ते मुळात नवी प्रत काढून देतं, जुन्याला हात लावत नाही. वहिनींना हेच आवडेल. जिम्प नावाचं फोटोशॉपसारखं मोठं सॉफ्टवेअरही आहे, पण त्याच्या वाटेला इतक्यात जाऊ नकोस. आणि फोटो लहान करून देणाऱ्या वेबसाईटी शेकड्याने आहेत, झोक्याचा फोटो तिथे चढवलास तर माझी हरकत नाही. पोरीची सही आणि अंगठा मात्र कुठल्यातरी अनोळखी साईटवर चढवू नकोस. कॉम्प्युटर घरचा आहे तर काम घरातच होऊ दे.

तू विचारलंस, लहान फोटो परत मोठा होतो का. आकडा होतो, फोटो होत नाही. दुधात पाणी घालून लिटर वाढतात, तसं. जेपीजी दर वेळी बदलून सेव्ह केली की थोडी झिजतेही, झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तशी. अक्षरांच्या कडेला धूळ बसल्यासारखी दिसते ना, ती त्याचीच. अक्षरं, नकाशा, पडद्याचा फोटो असं काही असेल तर पीएनजी नावाच्या दुसऱ्या प्रकारची फाईल ठेव, ती झिजत नाही.

हे सगळं इतक्या तावातावाने सांगतोय, कारण माझंच हसं झालेलं आहे. तुला कधी सांगितलं नव्हतं. मावशीकडून दादांचे जुने फोटो आणून मी स्कॅन केले होते, ऐंशीच्या वर. तेव्हा मला विंडोज सोडून लिनक्स वापरायचं वेड लागलेलं. इमेजमॅजिक नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, त्याला चित्र नाही की बटण नाही, काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची. मॉग्रिफाय हा त्याचा हुकूम लिहिला, रुंदी 800 लिहिली, एंटर मारलं. दोन मिनिटांत सगळेच्या सगळे फोटो लहान. मी खूश. मग कळलं, मॉग्रिफाय नवी प्रत काढत नाही, असलेल्या फाईलवरच लिहितं. मोठे स्कॅन गेले. म्हटलं, असू दे, मावशीकडे अल्बम आहे, परत आणू. पावसाळ्यानंतर गेलो तर कोनाड्यातल्या अल्बमला वाळवी लागलेली. गेल्या वर्षी दादांचा फोटो भिंतीवर लावायचं ठरलं, तेव्हा माझ्याकडे 800 पिक्सेल होते. 300 च्या हिशोबाने पावणेतीन इंचसुद्धा नाहीत. फ्रेमवाल्याने ताणून मोठा करून दिलाय. लांबून दादा दिसतात, जवळ गेलं की नुसते चौकोन.

परवा भाच्यांना घेऊन आपल्या चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरी गेलो होतो. आयुष्यातली कितीतरी वर्षं त्या माणसाने घराबाहेर फारसं पाऊल न टाकता काढली, 1989 साली तिथेच गेले, पण टेबलावर चार वस्तू मांडून काढलेले फोटो बघताना आपण हलत नाही. भाचा म्हणाला, मामा, एवढे मोठे कसे केले? त्याला सांगत होतो, काचेतून निगेटिव्हवर उजेड पाडून कागदावर हवा तेवढा मोठा उतरवायचा, दहा कागद बिघडले तरी निगेटिव्ह तशीच राहते. सांगता सांगता मीच गप्प झालो.

तेव्हा आज एवढंच कर. मोबाईलमधले साडेतीनशेच्या साडेतीनशे फोटो आधी पेनड्राईव्हवर घे, त्यावर ‘मूळ’ अशी चिठ्ठी चिकटव आणि कपाटात टाक. मग कॉम्प्युटरवरच्या फोटोंची काय वाटेल ती चिरफाड कर.

आणि त्यातला एक मला पाठव. काकू निंबाच्या झोक्यावर बसून गौराईचं गाणं म्हणताहेत तो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, ते आपल्या मनाने लहान करतं, डॉक्युमेंट म्हणून जोड. काकूंसाठी छापून आणतो. पुढच्या रविवारी धुळ्याच्या गाडीने येतोय, शेवभाजी जरा झणझणीत करायला सांग वहिनींना.

काकूंना नमस्कार, पोरीला आशीर्वाद. लाईट गेली बघ, इन्व्हर्टर ओरडायला लागलाय.

तुझा,
बापू