काका, तुम्ही आधी आईला विचारलंत

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण कोल्हापुरातल्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत, डोळ्याला भिंग लावून बसणारे फौजेतले काका म्हटलं की ओळखणारे ओळखतील.

आप्पा गेले त्याला आता सव्वा वर्ष झालं. परवाना त्यांच्या नावावर होता. परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, म्हणून दिवसकार्य उरकताच आम्ही ते ठाण्यात जमा केलं. पावतीवर लिहून मिळालं, ‘जुने रिव्हॉल्व्हर, एक नग’. आजोबांनी आप्पांच्या हातात दिलेलं, आप्पांनी दर दसऱ्याला पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं. आई ती पावती हातात धरून कितीतरी वेळ बसली होती.

पुढचे आठ महिने आठवले की अजून पोटात कालवतं. फोटो घेऊन मी चार ठिकाणी गेले. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात पहिला प्रश्न आला, “घरात कुणी माणूस नाही का?” मी समोर उभी, आई शेजारी उभी. फोटोवर एक नजर टाकून ते म्हणाले, “कानपूरचं दिसतंय, फार तर ४० हजार येतील, उद्यापर्यंत सांगा.” दुसऱ्या एका ओळखीच्यांनी तर आईला घाबरवूनच सोडलं. जुन्या हत्याराच्या भानगडी फार वाईट, मिळेल त्या भावात मोकळे व्हा म्हणाले. त्या रात्री आईला झोप नाही. नंतर कळलं, स्वतःसाठी घ्यायला तेच टपून होते.

कागदपत्रांचं रामायण सांगत नाही. रिव्हॉल्व्हर रीतसर तुमच्या दुकानात जमा झालं आणि आम्ही एस.टी.ने साताऱ्याहून आलो. तुम्ही टेबलावर पांढरं फडकं अंथरलंत. त्यावर ते ठेवलं गेलं. तुमचे दोन्ही हात मांडीवरच होते. तुम्ही आईकडे बघून म्हणालात, “वहिनी, बघू का?”

एवढंच. आईने मान हलवल्यावर मग तुम्ही हात लावलात.

काका, आठ महिन्यांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. सगळे माझ्याशी बोलायचे, नाहीतर फोनवर जावयाशी. वस्तू तिच्या नवऱ्याची, सह्या तिच्या, आणि ती कोपऱ्यात पिशवी धरून बसलेली. तुम्ही विचारलंत आणि ती खुर्ची ओढून टेबलापाशी आली. परत येताना गाडीत ती बोरगावपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, “त्यांनी विचारलं बघ.” मी हे पत्र खरं तर त्या एका वाक्यासाठी लिहितेय.

बाकीचं तुम्ही जे दाखवलंत तेही विसरणार नाही. आधी तुम्ही ते मधून मोडून उघडलंत, सहाही घरं रिकामी आहेत हे स्वतः पाहिलंत, आईला दाखवलंत, मगच पुढे बोललात. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं, .३२ बोअर म्हणजे नळीचं माप, मार्क चार हे मॉडेल. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर याच घडणीवरून निघालं, म्हणून फोटोत दोन्ही सारखी दिसतात, पण ज्याचा धंदाच हा आहे त्याला फरक कळायलाच हवा, असं तुम्ही म्हणालात तेव्हा तुमचा आवाज जरा चढला होता. मला बरं वाटलं.

मग भिंग माझ्या हातात देऊन तुम्ही ते ठसे दाखवलेत. मुगाच्या दाण्याएवढे. मुकुट आणि त्याखाली अक्षरं, म्हणजे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसने, हत्यारं तपासणाऱ्या तिथल्या संस्थेने, जास्तीच्या दाबाचा बार काढून पारखलेलं. आणि एका जागी आडवेतिडवे दोन भाले, एका अंगाला सी, दुसऱ्या अंगाला बी. बी म्हणजे बर्मिंगहॅम. दुसरं अक्षर वर्षाचं: १९५० ला ए, १९५१ ला बी, १९५२ ला सी. “वहिनी, हे बावन्न सालचं आहे,” तुम्ही म्हणालात.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जायचं की एका इंग्रज साहेबाने जाताना आजोबांना ते बक्षीस दिलं. साहेब तर १९४७ ला गेले! मला वाटलं आईला वाईट वाटेल. घरी येऊन आत्याला फोन लावला. आत्या आता ८६ वर्षांच्या. त्या म्हणाल्या, “साहेब कुठला गं? बैलजोडी विकली होती दादांनी. आई आठवडाभर जेवली नव्हती.” रानातली वस्ती, रात्रीची राखण, दरोड्याची धास्ती. बक्षिसाची गोष्ट मागाहून कुणी जोडली कोण जाणे. मला तर बैलजोडीच जास्त मोलाची वाटते. ती आमच्यापर्यंत तुमच्या त्या एका अक्षरामुळे आली.

किमतीचंही तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. ऐंशीच्या दशकापासून परदेशी हत्यारांची खाजगी आयात बंद आहे, त्यामुळे जी विलायती हत्यारं तेव्हा देशात होती तीच या हातातून त्या हातात फिरतात, आणि परवाना मिळण्याजोग्या बोअरचं असलं तर भाव लाखांतच बोलायचा. शिवाय सांगाड्यावरचा आणि चक्रीवरचा नंबर एकच, नळीतली आटी स्वच्छ, घोडा चढवल्यावर चक्री जागची हलत नाही, मूळचा निळसर काळा रंग बराचसा शाबूत. हे सगळं तुम्ही एका कागदावर मराठीत लिहून दिलंत. डाव्या बाजूला मात्र गंजाचे चार ठिपके होते. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं ठेवल्याने ते पडतात, कारण चामडं ओल धरून ठेवतं. ते ठिपके घासायचे नाहीत, पॉलिश तर मुळीच मारायचं नाही, नवीन मुलामा चढवला की निम्मी किंमत गेलीच समजा, हे तुम्ही आईला तीनदा बजावलंत. आणि मुठीवर आप्पांच्या अंगठ्याने झिजलेली जागा आहे ना, तिथे तुम्ही फडकंसुद्धा फिरवलं नाहीत. मी बघत होते.

पुढे दिवाळीच्या आधी माळा साफ करताना डब्यातून ते दुसरं रिव्हॉल्व्हर निघालं. गंजलेलं, चाप दुमडणारा, कुठल्याच कागदावर नाही. शेजारचे म्हणाले, रात्री विहिरीत टाकून द्या. चुलतभाऊ म्हणाला, माझ्याकडे अमेरिकेला पाठव. मी तुम्हाला रात्री साडेनऊला फोटो पाठवला आणि पाच मिनिटांत तुमचा फोन आला. “ताई, लपवू नका, टाकू नका, बाहेरदेशी तर पाठवूच नका. उद्या सकाळी अर्ज लिहून स्वतः ठाण्यात जा.” लंबगोलात ईएलजी, म्हणजे बेल्जियममधल्या लिएजचा ठसा. वर मुकुट नाही, म्हणजे १८९३ च्या आधीचं. त्याच्या काडतुसाला बाजूने खिळा असायचा, घोडा त्या खिळ्यावर आपटायचा. पैशात त्याला फार मोल नाही हेही तुम्ही लगेच सांगितलंत. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या, निकामी हत्यारांना सूट आहे, पण ते ठरवणं आपलं काम नव्हे, असं म्हणालात. आम्ही तसंच केलं. ठाण्यातले साहेब चांगले निघाले, त्यांनी आईला बसायला खुर्ची दिली.

तपासणीचे तुम्ही २०० रुपये घेतलेत आणि त्याची पावती फाडलीत. मी ५०० ची नोट पुढे केली तर उरलेले ३०० मोजून परत दिलेत. ज्याला आपल्या कामाची किंमत ठाऊक असते तो समोरच्याच्या वस्तूचीही किंमत नीट करतो, असं मला तेव्हापासून वाटतं. आपल्याकडे अशी माणसं आहेत, खूप आहेत, पण ती मागच्या खोलीत बसलेली असतात आणि दाराशी भलतेच उभे असतात. माझ्यासारखी कुणी वडिलांची वस्तू घेऊन दारोदार फिरत असेल, तर तिने पहिल्या चार दारांवर खचू नये, एवढ्यासाठी हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आईने विकायचं नाही असं ठरवलंय. वारस म्हणून परवान्याचा अर्ज तिने स्वतःच्या नावाने केलाय, वयाच्या ६८ व्या वर्षी. फॉर्मवर रिव्हॉल्व्हरचं वर्णन लिहायच्या जागी तिने तुमचा कागद समोर ठेवून एकेक अक्षर उतरवलं. वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम, १९५२.

परवाना झाला की आम्ही दोघी न्यायला येऊ. रिकामं म्यान तिने आप्पांच्या कपाटातच ठेवलंय. तुम्ही फडक्याला लावलेलं ते तेल कुठलं, एवढं तिने विचारायला सांगितलंय.

तुमची,
साताऱ्याची ताई