‘जैन’ कळतं, मग ‘दाणे नकोत’ का कळत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाऊगल्ल्यांच्या स्वच्छतेबद्दल वर्तमानपत्रांत बरंच छापून येतं. पाणी कुठलं, तेल कितव्यांदा तापवलंय, हातमोजे का नाहीत. हे विचारायलाच हवं. पण माझ्यासारखीचा प्रश्न त्यात कधी येत नाही. मी शाकाहारी आहे आणि मला शेंगदाणे व काजूची अ‍ॅलर्जी आहे. लोक ‘नखरे’ म्हणून हसतात तसली नव्हे. ओठ सुजतात, घसा आवळतो आणि अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन घ्यायला धावावं लागतं, अशी.

शाकाहारी माणसाला गाडीवर खाणं सोपं, असा एक समज आहे. मला तरी उलट अनुभव येतो. मांसाहारी माणूस निदान बुर्जी-पावावर वेळ मारून नेतो. आपल्या शाकाहारी खाण्यात दाणे कुठे नाहीत? साबुदाणा वडा आणि खिचडी माझ्यासाठी कायमची बाद, म्हणजे उपवासाच्या पदार्थांचं दुकान आलं की मी पुढे चालू लागते. दाबेलीत मसाला शेंग. मिसळीच्या फरसाणात दाणे. वडापावच्या सुक्या चटणीत खोबऱ्याबरोबर कूट. सँडविचची हिरवी चटणी दाट व्हावी म्हणून कुणी त्यात दाणे वाटतो, आणि नारळ महागला की डोशाची पांढरी चटणीसुद्धा दाण्यांवर जाते. पनीरच्या रश्शात काजूची पेस्ट असणार, हे तर न विचारताच धरून चालायचं. यातलं काहीही ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीवर कळत नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही तेवढंच सांगतो की आत मांस-मासे-अंडं नाही.

घाटकोपर पूर्वेची खाऊगल्ली बहुतांशी शाकाहारी. तिथे उभं राहून एक गोष्ट जरूर बघावी. गिऱ्हाईक नुसतं ‘जैन’ म्हणतं आणि पुढे एक अक्षर बोलावं लागत नाही. कांदा, लसूण, बटाटा बाद. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्ची केळी. काही ठिकाणी तर तवाही वेगळा. ‘थोडा कांदा चालेल का’ असं कुणी चुकूनही विचारत नाही. गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं मागितलं आणि धंद्याने ते शिकून घेतलं.

त्याच गल्लीत मी ‘दाणे बिलकुल नकोत, अ‍ॅलर्जी आहे’ म्हटलं, तर भेळवाला मान डोलावतो, आधीच्या भेळेच्या टोपातच कुरमुरे ओततो, त्याच चमच्याने ढवळतो, आणि वर दिसलेले दोन दाणे बोटांनी वेचून टाकतो. ‘निकाल दिया ना मॅडम.’ त्याच्या मनात वाईट काही नसतं. दाणा ही त्याच्या लेखी आवडी-निवडीची गोष्ट आहे, कोथिंबिरीसारखी. टोपाला चिकटलेलं चिमूटभर कूटही पुरतं, आणि भाजल्या-तळल्याने दाण्यातला अ‍ॅलर्जी आणणारा घटक नाहीसा होत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. वडापावच्या गाडीवर तर वेगळाच पेच. चटणी बाहेरून तयार येते. विकणाऱ्या पोराला तिच्यात काय आहे ते खरोखरच ठाऊक नसतं, पण गिऱ्हाईक तुटू नये म्हणून तो ठोकून देतो, ‘नाही नाही, नुसतं खोबरं.’ मला सगळ्यात भीती या उत्तराची वाटते.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार बंद पाकिटावर शेंगदाणे, काजू-बदाम, दूध, सोयाबीन, ग्लुटेन असलेली धान्यं वगैरेंचा उल्लेख करावा लागतो. (तीळ त्या यादीत नाहीत. अमेरिकेत २०२३ पासून आहेत, आणि तीळगूळ वाटणारे आपण!) मोठ्या साखळी उपाहारगृहांवरही अशी माहिती देण्याचं बंधन आहे. हातगाडीवाल्यावर असले कागद लादावेत, असं मी म्हणणार नाही. त्याच्यामागे आधीच पुरेशी दुखणी आहेत.

पण याच प्राधिकरणाचा ‘फोस्टॅक’ नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम आहे, त्यात फेरीवाल्यांनाही शिकवतात. हात कसे धुवावेत याच्या जोडीला दाण्यासाठी वेगळा चमचा आणि वेगळा टोप का, हे तिथे सांगायला कितीसा वेळ लागेल? २०१४ च्या फेरीवाला कायद्याने नेमलेल्या शहर फेरीवाला समित्यांवर विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात. त्यांनी मनावर घेतलं तर गाडीवर शेंगदाणा, काजू, दूध आणि तीळ यांची चित्रं असलेली एक पाटी लावणं अवघड नाही. जे वापरतो त्या चित्रावर खूण करायची, बस्स. वाचता न येणाऱ्यालाही कळेल. चटणी पुरवणाऱ्यांनी डब्यावर आत काय आहे ते मार्करने लिहावं, म्हणजे गाडीवरच्या पोराला अंदाजपंचे बोलावं लागणार नाही.

हे होईपर्यंत विक्रेत्यांना एवढीच विनंती: ठाऊक नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. आम्ही रागावणार नाही, शेजारच्या गाडीवर उसाचा रस पिऊ.

आपली,
एक वाचक, मुलुंड