मरळीची पिल्लं आणि पेव्हर ब्लॉक

तान्हा पोळा, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू "बोल लवकर, मीटिंग आहे" म्हणालास आणि मी "काही नाही, सहज" म्हणून ठेवून दिला. सहज नव्हतं. इकडे सगळे ठीक आहेत, बाबांची साखर वरखाली चालू आहे.

मरळ आली लेका तलावात! आपल्या घाटाच्या उजवीकडे, जिथे बेशरमचं रान माजलं होतं ना, तिथेच. पाण्यावर शेंदरी पुंजका हलत होता. आधी वाटलं कोणीतरी कुंकवाची पुडी सोडली. जवळ गेलो तर पिल्लं, असंख्य, आणि खाली त्यांचे आईबाप घिरट्या घालताहेत. सातवीत आपण असल्याच पुंजक्यात गळ टाकला होता आणि ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यातल्या आजीनं दोघांना बखोटीला धरून विचारलं होतं, "लेकुरवाळीले मारता का बे?" इथे आता कोणालाही सांगितलं की एकच प्रश्न येतो, किती किलोची होती? म्हणून तुला सांगतोय.

हे आपोआप झालेलं नाही. बायकांनी उन्हाळे घातलेत त्यात. बेशरम नुसता कापून जात नाही, तुकडा राहिला की फुटतो. मुळासकट खणून, वाळवून जाळला. मग काठाची सुकलेली जमीन नांगरली आणि पहिल्या पावसात शेजारच्या बोडीतून (लहान तळ्यातून) चिला, देवधान ही पाणवनस्पती, कमळाचे कांदे आणून लावले. अख्खं गाव हसलं. तलावात गवत लावतात म्हणे! हसणाऱ्यांत तूही होतास. आणि मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत ग्रास कार्प माशाचं बीज टाकायचा ठराव कोणी मांडला होता? वही आहे अजून. ते बीज टाकलं असतं तर गवताची काडी उरली नसती. मासे अंडी घालणार कुठे, तुझ्या डोक्यावर? रोहू-कतला साचल्या पाण्यात वीण करत नाहीत, दरसाल बीज विकत आणा. मरळीला कोण बीज आणून देतं? असो. तुझं उत्तर मला पाठ आहे, लिहू नकोस.

आता खरं दुखणं. तलावाचं 'सुशोभीकरण' मंजूर झालंय. चहूबाजूंनी दगडी पिचिंग, वर पेव्हर ब्लॉकचा रस्ता, बाकं, सोलर दिवे, मधोमध कारंजं. शिवाय खोलीकरण. पाणी उतरलं की पोकलेन उतरणार. पोकलेनवाल्याला घनमीटरचे पैसे मिळतात, तो काठापासून सरळ उभं खोदत जातो. म्हणजे काठ संपला. गुडघाभर पाण्याची जी पट्टी असते, जिच्यात ऊन तळापर्यंत पोचतं, तिथेच चिला, तिथेच अंडी, तिथेच कमळपक्ष्याची धावपळ. मधल्या खोल पाण्यात काय असतं? पाणी. आणि खोदता खोदता खालचा चिकण मातीचा थर फुटला तर तेही राहायचं नाही.

गाळ काढू नये असं मी म्हणत नाही. तुडुमापाशी, पाणी सोडायच्या दारापाशी, इतका साचलाय की शेवटचं पाणी निघत नाही. लंबूचा धान मागच्या साली ऐन निसवताना वाळला. परवा तो म्हणाला, "तुझ्या मरळीनं माझा धान पिकते का?" उत्तर आहे माझ्याजवळ, पण त्याच्या बांधावर उभं राहून ते देववत नाही.

मी शहाणपणानं कायदा काढून बसलो. म्हटलं पाणथळ जागांचे नियम आहेत, 2017 चे, त्यात बसवू. बसतच नाही! सिंचनासाठी माणसानं बांधलेले तलाव त्या व्याख्येतून वगळलेत. म्हणजे तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या तलावाची पाळ (बांध) राखली हाच गुन्हा. त्यांच्यातल्याच कोलू पाटलानं नवेगावच्या तलावाचा बांध घातला तेव्हा कोणी अर्ज भरून घेतला नाही. आणि 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली (गेली ते बरंच झालं, तुझे आजोबा काही साधे नव्हते), तलाव सरकारजमा झाले, तेव्हापासून पाळीवर एक टोपली माती टाकायची तरी 'सरकार टाकेल'. आता सरकार टाकतंय, तर पेव्हर ब्लॉक.

तुझा नागपूरचा मेव्हणा अजून कोर्टात जातो ना? त्याला कागद दाखव, काही फट असेल तर. पण मला तू हवा आहेस. नकाशा आणि अंदाजपत्रक मिळवलंय, ते मला वाचता येत नाही. खोदाई फक्त तुडुमाकडच्या खोल भागात, पिचिंग फक्त पाळीला, आणि वरच्या अंगाला, नाला येतो तिकडे, उतार जसा आहे तसा सोडायचा. लंबूलाही पाणी मिळेल. एवढं अंदाजपत्रकाच्या भाषेत लिहून दे आणि ग्रामसभेत उभा राहून वाच. मी बोललो की "मास्तर सुरू झाले" म्हणतात. तू पुण्याचा इंजिनियर, तुझं खोटंही ऐकतील.

चिमणीला बारावीत किती पडले? वहिनींचा गुडघा कसा आहे? नव्या फ्लॅटला पाणी आलं की टँकरच?

ग्रामसभा दसऱ्याच्या आत आहे. तारीख कळवतो, रजा आत्ताच टाक. आणि हो, चौकात कामाचा बॅनर लागलाय, 'आपला तलाव, सारसांचं माहेर'. वर फोटो छापलाय फ्लेमिंगोचा. सरपंचाला दाखवलं तर म्हणाला, "पाय तर लांबच आहेत ना!"

तुझाच,
दादू