मूळ कागद हातचे सोडू नकोस

बार्शी, सोमवार

चि. ताईस,
अप्पांचा आशीर्वाद.

आज दुकान बंद. फोनवर बोलायचं म्हटलं की मध्येच तुझं "थांबा अप्पा, क्लायंट आलेत" होतं आणि माझं सुचलेलं तिथंच राहतं. म्हणून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून लिहितोय. समोर आरसा असल्यानं लिहिताना आपलंच तोंड दिसतं, जरा अवघडच वाटतंय.

तू मोबाइलवर पाठवलेला तुझ्या पुण्याच्या सलूनचा करारनामा शुक्रवारी वकीलसाहेबांना दाखवला. दाढीला आले होते. अर्ध्या तोंडाला फेस असताना वाचायला घेतला तो खाली ठेवेनात. दोनदा फवारा मारला मी. चार पानं इंग्रजी, पण त्यांनी मला एकेक कलम मराठीत सांगितलं. तीन वर्षांचा बाँड. मध्येच सोडलंस तर 'ट्रेनिंगचा खर्च' म्हणून 60,000 रुपये. दहावी, बारावी आणि आयटीआयची मूळ प्रमाणपत्रं मालकाच्या कपाटात. सोडल्यावर वर्षभर पाच किलोमीटरच्या आत दुसऱ्या सलूनमध्ये काम नाही. पहिले सहा महिने 9,000 पगार, सकाळी दहा ते रात्री नऊ. यावर तुझं म्हणणं, "सगळ्याच मुली सही करतात."

करत असतील. मीही असंच कबूल केलं होतं, फक्त कागद नव्हता. 1992 साली लालबागला लांबच्या मामांच्या दुकानात मला ठेवलं. दोन वर्षं केस झाडले, गरम पाणी आणलं, गिऱ्हाइकाच्या मानेमागं आरसा धरला. रात्री त्याच दुकानात बाकावर झोपायचो. वस्तरा हातात यायच्या आधी फुग्याला फेस लावून त्यावर फिरवायचा, फुगा फुटला की मामांची टपली. पगार विचारला तर एकच उत्तर, "शिकवतोय ना तुला?" जेवण आणि चहा एवढीच कमाई. त्याच्या आधी तुझे पणजोबा बलुत्यावर होते. वर्षभर अख्ख्या घराची डोकी करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं. पाटलाच्या मनात असेल तेवढी ज्वारी पदरात. किती मिळणार हे कुठं लिहिलेलं नसायचं, म्हणून भांडायलाही जागा नसायची.

तुझा करारनामा ऐकताना मला तेच खळं दिसलं. फरक इतकाच की आता लिहिलेलं आहे, आणि तेही तुझ्या विरुद्ध.

वकीलसाहेब म्हणाले, 1872 च्या करार कायद्यात कलम 27 आहे. नोकरी सोडल्यावर माणसाला त्याचा धंदा करू द्यायचा नाही, अशी अट त्या कलमानं रद्दबातल ठरते. म्हणजे पाच किलोमीटरचं ते कलम नुसतं भीती घालायला आहे. बाँडच्या पैशाचं तसं नाही, तो कोर्टात टिकूही शकतो. पण नुकसान बघून वाजवी तेवढीच भरपाई मिळते, लिहिलेला आकडा जसाच्या तसा नाही. मग तू विचार की हे 60,000 कशाचे? पंधरा दिवस क्रीमच्या कंपनीचा माणूस येतो, त्यांचंच स्ट्रेटनिंगचं क्रीम कसं लावायचं आणि बाटली गिऱ्हाइकाच्या गळ्यात कशी मारायची ते दाखवतो. त्याचा खर्च तुझ्याकडून?

तू आयटीआयला कॉस्मेटॉलॉजीचं वर्ष पुरं केलंस. त्वचेचे थर, केसाची मुळं, हत्यारं निर्जंतुक कशी करायची, डाय लावायच्या आधी कानामागं पॅच टेस्ट कशी घ्यायची, हे तू वहीत आकृत्या काढून शिकलीस. मला यातलं काही कुणी सांगितलं नाही. मी तीस वर्षं उघड्या हातानं डाय कालवला. बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायची, कातडी तडकायची, मी खोबरेल तेल लावून झोपायचो. त्वचेच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, ते कित्येकांना सोसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2010 मध्ये न्हावी आणि हेअरड्रेसर यांच्या कामातला रसायनांचा संपर्क 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलाय. फॉर्माल्डिहाइड तर त्याच्याही वरच्या गटात, आणि काही स्ट्रेटनिंगच्या क्रीममधून तापवताना तोच वायू निघतो. घाबरवायला लिहीत नाही. पण दिवाळीत तू पणत्या लावत होतीस तेव्हा तुझ्या बोटांची सालं मी पाहिली. तुमच्या पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये हातमोज्यांचं आणि खिडकीचं कुणी नाव काढलं होतं का? तुझं आयटीआयचं शिक्षण त्यांच्या ट्रेनिंगपेक्षा मोठं आहे, आणि तेच प्रमाणपत्र ते कपाटात ठेवून घेणार. मूळ कागद हातचे सोडू नकोस. झेरॉक्सवर सही करून दे, मूळ दाखव आणि परत पिशवीत टाक.

आता हक्काचं. हे मी वकीलसाहेबांकडून वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलंय. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला 9 तास, आठवड्याला 48, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, जादा वेळेला दुप्पट दर. तुझं दहा ते नऊ म्हणजे अकरा तास. जेवणाचा एक तास धरला तरी दहा. पण हा कायदा मुळात दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं होता, आणि सप्टेंबर 2025 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं तो आकडा वीसवर न्यायला आणि दिवसाचे तास नऊचे दहा करायला मंजुरी दिली. तुमच्याकडे चौदा जण. बघ कसं बरोबर मधल्या फटीत सापडलीस. वीस माणसांची सलून पुण्यात असतील किती? आपल्या बार्शीत तर एकही नाही. ज्यांना कायद्याची गरज जास्त, तेच त्याच्या बाहेर, हे मला तरी पटलेलं नाही.

पण ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा आकडा दहाचाच आहे. पगार 21,000 च्या आत असेल तर तुझ्याकडून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के. आजारपणात पगाराचा भाग मिळतो, बाळंतपणाची रजा मिळते. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात नेमणूक पत्र द्यायचंच असं आहे. हा बाँड म्हणजे नेमणूक पत्र नव्हे, हे मालकाला गोडीत सांग. बापानं लेकीला लिहायला अवघड, तरी लिहितो. दहा माणसं असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवी, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. गिऱ्हाइकाविरुद्धही तक्रार करता येते. आरशात नजर कुठं चाललीय हे आपल्या धंद्यात पहिलं कळतं.

तुझी मैत्रीण ॲपवर जाते म्हणालीस, घरोघरी फेशियल करायला. तिला सांग, ऑक्टोबर 2021 मध्ये गुरुग्रामला अर्बन कंपनी नावाच्या असल्याच ॲपच्या कचेरीसमोर ब्युटिशियन बायका कमिशन कमी करा म्हणून येऊन बसल्या, तेव्हा कुठं कमिशन खाली आलं. डिसेंबरात पुन्हा बसल्या तर कंपनी कोर्टात गेली. तिथं मालक समोर दिसतसुद्धा नाही.

संघटना काढा म्हणून सांगणार होतो, पण तुझ्यापुढं ते छातीठोकपणे सांगता येत नाही. मुंबईच्या सिनेमातल्या मेकअपवाल्यांच्या संघटनेचा नियमच होता की बायकांनी हेअरड्रेसर व्हावं, मेकअप पुरुषांनी करायचा. चारू खुराना नावाच्या बाई शिकून आल्या तर त्यांना संघटनेचं कार्डच मिळेना. सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या, आणि 10 नोव्हेंबर 2014 ला कोर्टानं तो नियम मोडीत काढला. म्हणजे कामगारांनीच कामगार बाईला दारात अडवलं होतं. आपल्याही घरात तेच होतं की. तुझी आत्या माझ्यापेक्षा हातानं चांगली, पण तिच्या हातात कात्री कुणी दिली नाही. तू आयटीआयचा फॉर्म आणलास तेव्हा मीही आठ दिवस तोंड वाकडं केलं होतं.

तरी एक गोष्ट आजोबा सांगायचे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, 10 जून 1890 ला. त्याच काळात त्यांनी मुंबईतल्या नाभिकांना एकत्र केलं आणि विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवायला लावलं. पोट त्याच वस्तऱ्यावर असताना त्या लोकांनी हात आखडता घेतला. माझा आपला अंदाज असा की रविवारी कामगार मोकळा झाला, तो हजामतीला आला, म्हणून आपली सुट्टी सोमवारवर गेली. तुमच्या सलूनला सोमवारही नाही. सातही दिवस उघडं असेल तर असू दे, पण तुझा एक वार ठरवून घे आणि कागदावर घाल.

एवढं लिहून झालं आणि आरशात मागच्या दोन रिकाम्या खुर्च्या दिसल्या. आपल्या दुकानात दोन कारागीर आहेत, निम्म्या कमाईवर. मोठ्याला सात वर्षं झाली. त्याच्याकडे मी दिलेला एक चिटोराही नाही. मागच्या पावसाळ्यात तो तापानं नऊ दिवस पडला, खुर्ची रिकामी म्हणून मी एक रुपया दिला नाही. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. मला पीएम विश्वकर्मा या सरकारी योजनेतून 15,000 ची हत्यारं मिळाली, तीही मीच ठेवून घेतली. धाकटा अजून माझीच जुनी कात्री वापरतो.

म्हणून दुपारी दोघांसाठी कागद लिहायला घेतलाय. वाटणी किती, सुट्टी सोमवार, आजारपणात काय, सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. आजारपणाच्या ओळीवर अडलोय. नऊ दिवसांचे किती धरायचे ते तू सांग, तुझा हिशोब माझ्यापेक्षा बरा आहे. मागचे द्यायचे की पुढचेच, तेही सांग.

पुढच्या सोमवारी सकाळच्या एसटीनं पुण्याला येतो. तोवर सही करू नकोस. मालक घाई करत असेल तर बाप गावाकडून येतोय म्हणून सांग. तुझी ती लांब पात्याची कात्री इथंच राहिलीय, धार लावून घेऊन येतो.

तुझे
अप्पा